लाल दिवा विझेना

पौष पौर्णिमेच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास आत्यानं ओवाळायला परात उचलली आणि माझा कॅमेरा हँग झाला. परातीत कणकेचे एक्याऐंशी दिवे, समोर पाटावर आजी, अंगावर तिचा हिरवा शालू. मी पाठोपाठ चार-पाच वेळा शटर दाबलं. मागच्या पडद्यावर एकच चित्र आलं आणि तिथेच थिजून बसलं. पुन्हा दाबलं, काही नाही. स्विच बंद केला, तरी पडदा उजळलेलाच. कोपऱ्यात कार्डाचा लाल दिवा लागला होता. एरवी तो लुकलुकतो आणि विझतो. आता लुकलुकेना आणि विझेना.

आम्ही ग्वाल्हेरचे, म्हणजे तिथल्या लष्कर नावाच्या भागातले. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे सैन्याचा तळ दिला आणि त्या छावणीचंच पुढे शहर झालं. मराठीतला 'गोट' इथे 'गोठ' झाला, आणि चिटणीस की गोठमध्ये आमचं पणजोबांपासूनचं घर. आजीला ८० वर्षं ८ महिने पूर्ण झाले म्हणून घरातच सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. बडोद्याहून तिची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, आली होती. दोघी सहा वर्षांनी भेटत होत्या. बाहेरचा फोटोग्राफर नको, हे आजीनंच सांगितलं होतं. "तूच काढ गं. परक्या माणसासमोर मला हसू येत नाही." म्हणून सगळी जबाबदारी माझ्याकडे होती, आणि ती मी आनंदानं घेतली होती.

संध्याकाळी सातपासून आम्ही गच्चीवर होतो. ग्वाल्हेरच्या जानेवारीची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना सांगायला नको. पारा पाच-सहा अंशांवर, कठड्याला हात लावला तर पोळल्यासारखं वाटतं. चंद्र वर आला, पूजा झाली, दोघी बहिणी एकाच शालीत उभ्या राहून चंद्राकडे बघत होत्या. कॅमेरा तिवईवर तासभराहून जास्त उघड्यावर होता. मग सगळे खाली आले. खालच्या खोलीत शेगडी, पंचवीस-तीस माणसं आणि दिव्यांची ऊब. आणि तिथे हे झालं.

त्या घटकेला मी काय केलं ते तसंच सांगते, कारण त्यातलं निम्मं चुकीचं होतं. आधी स्विच आठ-दहा वेळा पुढे-मागे केला. त्याचा उपयोग नव्हता. डिजिटल कॅमेऱ्याचा स्विच दिव्याच्या बटणासारखा वीज तोडत नाही, तो आतल्या प्रोसेसरला फक्त 'आता बंद हो' असं कळवतो. प्रोसेसरच अडकलेला असेल तर ऐकणार कोण? वीज खरोखर तोडायची तर बॅटरीच काढावी लागते. पण लाल दिवा लागलेला, म्हणजे कार्डावर काहीतरी लिहिलं जातंय, आणि अशा वेळी बॅटरी किंवा कार्ड काढू नये हे मला पक्कं माहीत होतं. मी थांबले. चुलतभावानं मोबाइलवर ओवाळणीचे फोटो काढले. वीस मिनिटं झाली, दिवा तसाच. कॅमेऱ्याची मूठ कोमट लागायला लागली, तेव्हा मी मनावर दगड ठेवून बॅटरी ओढली. ती सहज निघाली नाही, नखानं उचकावी लागली. त्या गडबडीत त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

दहा मिनिटांनी बॅटरी परत घातली. कॅमेरा सुरू झाला! आणि लगेच पडद्यावर सूचना आली: कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा. खाली दोन पर्याय, ओके आणि रद्द. भाऊ म्हणाला, "ताई, दाब ओके, पुढचे फोटो तरी मिळतील." त्याचा हेतू चांगला होता. घरात केळवणासारखी धांदल चाललेली, मावशीआजी ओटी भरायला बसली होती, आणि माझा अंगठा त्या बटणावर होता. मी रद्द केलं. कार्ड काढलं, त्याच्या कडेची लहानशी खिटी लॉककडे सरकवली, अहेराच्या एका रिकाम्या पाकिटात घातलं आणि वर पेनानं लिहिलं: 'आजी. हात लावू नये.' उरलेला समारंभ मोबाइलवर काढला. दुसरं कार्ड मी आणलंच नव्हतं. आठ वर्षं फोटो काढणाऱ्या माणसानं एवढ्या मोठ्या दिवशी एकाच कार्डावर विसंबून राहणं ही चूकच होती.

रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं, चंद्राकडे बघणाऱ्या दोघी, एका शालीत.

सकाळी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला फोन लावला. कॅमेरा दिल्लीला पाठवा, तपासायला आणि दुरुस्तीला दोन-तीन आठवडे, कार्डावरच्या फोटोंची हमी नाही. बोलणारी मुलगी नम्र होती, नियम सांगत होती. पण मला कॅमेऱ्याची घाईच नव्हती. मला फोटो हवे होते. बाबा म्हणाले, "बाड्यावर जाऊन ये. ते काका अजून बसतात."

महाराज बाडा म्हणजे लष्करातला मुख्य चौक. त्याच्या जवळच्या गल्लीत, जिना चढून गेलं की एक अरुंद खोली आहे. फिल्मच्या काळापासून ते काका तिथे कॅमेरे उघडतात. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला घड्याळजींचं भिंग, टेबलावर पांढरं फडकं आणि त्यावर स्क्रू ओळीनं मांडलेले, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. मी घाईघाईनं सगळं सांगायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं.

"बेटा, आधी हे सांग, कार्ड फॉरमॅट केलंस?"

"नाही काका."

"त्यानंतर त्याच्यावर एकही फोटो काढलास?"

"नाही. पाकिटात आहे."

ते पहिल्यांदा हसले. "मग अर्धं काम तूच केलंस. निगेटिव्ह जपायचो ना आम्ही, तसं जपलंस. कॅमेरा नंतर बघू."

मग त्यांनी जे समजावलं ते मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शटर दाबलं की फोटो लगेच कार्डावर जात नाही. आधी तो कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत, बफरमध्ये जातो आणि तिथून कार्डावर उतरतो. दाबणं आणि उतरणं यांत अंतर असतंच. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आता ते अंतर इतकं कमी झालंय की आपण ते विसरून गेलोय, पण लाल दिवा म्हणजे तेच अंतर. मी पाठोपाठ दाबलेले चार-पाच फोटो त्या वेळी बफरमध्ये रांगेत उभे होते. बॅटरी काढल्याबरोबर बफर रिकामा झाला, ते गेले. "ते परत येणार नाहीत," काकांनी स्पष्ट सांगितलं. "पण आधीचे आहेत. कार्डावर फोटो एकीकडे असतात आणि कुठला फोटो कुठे आहे याची नोंद दुसरीकडे. लिहिता लिहिता वीज गेली, नोंद बिघडली. पोथीची पानं जागेवर आहेत, अनुक्रमणिका फाटलीय. कॅमेरा फक्त अनुक्रमणिका वाचतो, म्हणून म्हणतो पोथीच नाही." कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅटसुद्धा बहुतेक वेळा नवी कोरी अनुक्रमणिकाच लिहितं, पण त्यानंतर काढलेला प्रत्येक फोटो जुन्या पानांवर बसत जातो. म्हणून त्या क्षणानंतर एकही फोटो काढायचा नाही.

पानं वाचणारी सॉफ्टवेअर असतात. काकांनी फोटोरेक सुचवलं. ते फुकट मिळतं, आणि अनुक्रमणिकेकडे न बघता कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं. जेपेग, म्हणजे नेहमीच्या प्रकारचा फोटो, कुठे सुरू होतो हे त्याच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणेवरून त्याला ओळखता येतं. एकच पथ्य: सापडलेले फोटो त्याच कार्डावर ठेवायचे नाहीत, संगणकावर ठेवायचे.

घरी येऊन मी कार्ड रीडरमध्ये घातलं. लॅपटॉपनंही तेच विचारलं, फॉरमॅट करू का? पुन्हा रद्द. फोटोरेकचा काळा पडदा पहिल्यांदा बघितला की भीती वाटते. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरं. सावकाश वाचत गेलं की जमतं. डिस्कच्या यादीतून कार्ड निवडताना मी त्याचा आकार तीनदा ताडून पाहिला, ६४ जीबी, म्हणजे चुकून लॅपटॉपची डिस्क निवडली नाही ना. मोडके फोटोही ठेवायचा एक पर्याय त्यात असतो, तो काकांनी मुद्दाम चालू करायला सांगितला होता. मग सुरू केलं.

सव्वा तास लागला. आकडा वाढताना दिसत होता: ४०, १९०, ५५०. आई दोनदा येऊन बघून गेली. मावशीआजी शेजारी खुर्ची घेऊनच बसली, जपमाळ हातात. शेवटी १४३० फाइली मिळाल्या. त्यांत मागच्या गणपतीचे आणि दिवाळीचे फोटोही होते. मी ते केव्हाच संगणकावर उतरवून कार्डावरून पुसले होते, तरी पानं तिथेच होती. मूळ नावं मात्र सगळी गेली होती. त्या जागी एफ आणि पुढे लांबलचक आकडे. पण फोटो काढल्याची वेळ प्रत्येक फोटोच्या पोटात लिहिलेली असते. त्या वेळेप्रमाणे लावले तसे ते आपोआप ओळीत आले, आणि पौर्णिमेच्या दिवसाचे निघाले ६११.

शालीतला फोटो होता. मावशीआजीनं तो बघितला, काही बोलली नाही, नुसता पडद्यावरून हात फिरवला.

शेवटची फाइल मी वेगळी उघडली. हाच तो फोटो, लिहिताना कॅमेरा थांबला तो. वरचा भाग स्वच्छ होता: आजीचे पांढरे केस, त्यावर पदर, कपाळ, डोळे, आणि डोळ्यांत दिव्यांचे बारीक पिवळे ठिपके, मोजावेत इतके स्पष्ट. नाकाच्या शेंड्याखाली काही नाही. सपाट राखाडी. मोठं करून बघितलं तर तोडलेली कडा सरळ नव्हती, मध्येच एक बारकी पायरी होती. जेपेगमध्ये चित्र वरून खाली, लहान लहान चौकोनांच्या ओळींनी लिहिलं जातं. ज्या चौकोनाशी वीज कमी पडली, तिथे ती पायरी. परात, आत्याचे हात, एक्याऐंशी दिवे त्या राखाडीत आहेत. मी तो फोटो पुसला नाही, सगळ्यांबरोबर छापून घेतला.

फोटो मिळाले तरी मला चैन नव्हतं. असं का झालं हे कळल्याशिवाय तो कॅमेरा पुन्हा कुणाच्या लग्नामुंजीत घेऊन जायची माझी हिंमत नव्हती. दोन दिवसांनी कॅमेरा, दोन्ही बॅटऱ्या, चार्जर, सगळं घेऊन परत बाड्यावर गेले.

माझा संशय दमट हवेवर होता. थंडगार कॅमेरा उबदार खोलीत आणला की त्यावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. गच्चीवरून खाली येताना तो बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तासभर तसाच ठेवायला हवा होता, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं. मी ते केलं नव्हतं. काकांनी भिंगातून लेन्सची जोडणी बघितली, कार्डाची खाच बघितली, व्ह्यूफाइंडर उजेडाकडे धरला. कुठेही डाग नाही, गंज नाही. लेन्सच्या सोनेरी टाचण्या त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसानं तरी पुसल्याच. मी विचारलं, खोडरबर चालेल का? "नको. सोन्याचा मुलामा किती पातळ असतो तो! रबरानं झिजतो, आणि भुगा आत जातो."

कॅमेरा उघडणार का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. "कारण सापडल्याशिवाय उघडत नाही. आणि तूही घरी कधी उघडू नकोस. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास साठलेले असतात, बॅटरी काढली तरी."

मग त्यांनी हात पुढे केला. "त्या रात्री कुठली बॅटरी होती?"

मी दिली. त्यांनी ती टेबलाच्या काचेवर आडवी ठेवली आणि बोटानं एक टोक दाबलं. बॅटरी डुलली. दुसरी, कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ बॅटरी ठेवली, ती काचेला चिकटून बसली. तेवढ्यावरून मला कळलं. नखानं उचकावी लागली होती ती यासाठी. मधोमध फुगली होती. दीड वर्षापूर्वी मी ती निम्म्याहून कमी किमतीत घेतलेली, डुप्लिकेट.

काकांनी मल्टिमीटर लावला. दोन्ही भरलेल्या होत्या, दोन्ही आठ व्होल्टच्या पुढे, फरकच नाही. "म्हणूनच फसायला होतं," ते म्हणाले, आणि खणातून मोटारसायकलचा एक बल्ब काढला. मूळ बॅटरीवर बल्ब लावला, काटा थोडा खाली आला आणि स्थिर राहिला. डुप्लिकेटवर लावला, तर बघता बघता साडेसहाच्याही खाली. बल्ब काढला, पुन्हा आठच्या जवळ. म्हणजे नुसती मोजली तर धडधाकट, काम दिलं की कोसळते.

आणि थंडीत हेच आणखी वाढतं. लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आतला विरोध वाढतो. त्यात माझी बॅटरी आधीच थकलेली. तासभर गच्चीवर गारठली, खाली आली, आणि मी एकदम सलग फोटो काढायला लागले. फोकसची मोटर, शटर, पडदा आणि कार्डावरचं लिहिणं, सगळ्यांनी एकाच वेळी वीज मागितली. व्होल्टेज क्षणभर बसलं. पूर्ण गेलं असतं तर कॅमेरा सरळ बंद पडला असता. अर्धवट बसलं आणि सावरलं, म्हणून प्रोसेसर मधल्याच पायरीवर अडकला. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह तेव्हाही पूर्ण भरलेलं होतं. मूळ बॅटरीतली चिप आपला खरा हिशेब कॅमेऱ्याला सांगते. या बॅटरीची चिप नेहमीच 'भरलेली' सांगत आली असावी. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

काकांचा तर्क मला पटला होता, पण स्वतः बघायचं होतं. त्या रात्री नव्या, वेगळ्या कार्डावर गच्चीत प्रयोग केला. आधी डुप्लिकेट बॅटरी. दर मिनिटाला पाच-सहा फोटो. चाळीस मिनिटांनी कॅमेरा पुन्हा थिजला, अगदी तसाच, लाल दिवा लागलेला. या वेळी मला भीती वाटली नाही. बॅटरी काढली, स्वेटरच्या आतल्या खिशात पंधरा मिनिटं ठेवली, परत घातली, आणि कॅमेरा काही झालंच नाही असा चालू झाला. नंतर मूळ बॅटरी घातली आणि रात्री साडेदहापर्यंत, खाली रस्त्यावर धुकं उतरेपर्यंत, ४१२ फोटो काढले. एकदाही अडकला नाही. आजी जिन्यातून दोनदा ओरडली की निमोनिया होईल.

आता माझ्याकडे कंपनीच्या दोन बॅटऱ्या आहेत, थंडीत एक कॅमेऱ्यात आणि एक खिशात अंगाच्या उबेला असते. पिशवीत तीन लहान कार्डं आहेत. समारंभाचा एक टप्पा संपला की कार्ड बदलते. लाल दिवा विझल्याशिवाय कार्डाच्या झाकणाला हात लावत नाही. ते जुनं कार्ड पुन्हा वापरलं नाही, त्याच अहेराच्या पाकिटात आजीच्या कपाटात आहे.

फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकायची नसते, ती दाबली गेली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते. मी ती काकांकडे नेऊन दिली. छापलेले फोटोही दाखवायला नेले होते. त्यांनी सगळे बघितले, राखाडी फोटोपाशी थांबले, भिंग लावून ती पायरी शोधली. मग टेबलाखालून डालड्याचा जुना पत्र्याचा डबा ओढला. त्यात कोरडी वाळू होती आणि वाळूत पाच-सहा फुगलेल्या बॅटऱ्या अर्ध्या पुरलेल्या, टोकांना चिकटपट्टी लावलेल्या. माझ्या बॅटरीलाही त्यांनी चिकटपट्टी लावली, वाळूत एक खड्डा केला, ती आत ठेवली आणि वर तळहातानं वाळू सारखी केली.